लाल खारव्यातली तीन पुस्तकं

श्रावणात भाताची लावणी उरकली की आमच्या वाडीत पोथी लावतात. दिवेलागणीला देवळात घंटा होते. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. मधोमध पाट, पाटापुढे घडीची लाकडी ठवणी आणि ठवणीवर पोथी. पाटावर बसणारा माणूस वाचतो आणि वाचून झालं की अर्थ सांगतो. एक नियम मात्र कडक आहे. एकदा लावलेली पोथी शेवटच्या पानापर्यंत न्यायची, मध्येच खाली ठेवायची नाही. कुणाकडे सुतक आलं तर तेवढे दिवस थांबायचं आणि पुन्हा त्याच ओळीपासून पुढे जायचं. या नियमाने आमची जी गंमत केली, तीच सांगायला बसले आहे.

वाडी वरंध घाटाच्या रस्त्यापासून थोडी वर. माझं माहेर महाडच्या बाजारपेठेतलं. नवरा एमआयडीसीत कामाला, पाळीप्रमाणे मोटरसायकलवरून खाली जातो आणि वर येतो. मी घरी ब्लाउज शिवते. लग्नाआधी मला वाचनाचं वेड होतं, म्हणजे आई जेवायला हाका मारून थकायची इतकं. लग्न झालं आणि मी शिलाई मशीन घेऊन वर आले. पुस्तकं माहेरीच राहिली. पुढे एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी घरात चढलं आणि त्यांचा लगदा झाला. वाडीत मला वाचायला मिळायचं ते गिऱ्हाइकांनी कापड गुंडाळून आणलेलं वर्तमानपत्राचं अर्धं पान. बातमी नेमकी जिथे रंगात यायची तिथे कागद फाटलेला असायचा. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात रोज अर्धी बातमी.

देवळात पाटावर माझे सासरे बसायचे. त्यांना सगळी वाडी आबा म्हणते, मीही आबाच म्हणते. त्यांचा आवाज असा की मागच्या खांबाला टेकून डुलक्या काढणाराही जागा व्हायचा. अर्थ सांगायला लागले की देवादिकांच्या भांडणात आपल्या बांधाचं भांडण कधी आलं ते कळायचं नाही, आणि ज्याचा बांध असायचा तो मान खाली घालायचा.

मागे एका पावसाळ्यात दमट हवेने पोथीची तीन पानं एकमेकांना चिकटली. सकाळी पोथी पुसताना मी ते पाहिलं, दुपारी सोडवू म्हटलं आणि विसरले. संध्याकाळी आबांनी तो तीन पानांचा गठ्ठा एकच पान समजून उलटला. मी जीभ चावली. पण वाचनात एक ओवीही गळली नाही. आतल्या, कुणालाच न दिसणाऱ्या पानांवरच्या ओव्याही त्यांनी सुरात म्हटल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आबा वाचत नव्हते, पाठ म्हणत होते.

घरी आल्यावर गोठ्यात गाठून विचारलं, "आबा, कधीपासनं दिसत नाय?"

"दिसतं गो. म्हस दिसते, तू दिसतंस. अक्षर दिसत नाय."

"मग महाडला जाऊ. डोळे दाखवू."

"दाखवायचे नि मग?" आबांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "डोळा काढून बशीत ठेवतात. पुसतात नि परत बसवतात. बशी पडली म्हंजे?"

हे त्यांना एसटीत भेटलेल्या कुणीतरी सांगितलं होतं. मी हसले, पण खरं सांगायचं तर नक्की काय करतात ते मलाही माहीत नव्हतं. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात ते कधी आलं नव्हतं.

"कुणाला बोलू नको," आबा म्हणाले. "पाट गेला की नुसता म्हातारा ऱ्हायन मी."

मी शब्द दिला. जुनी पोथी त्यांना तोंडपाठ होती, तोवर भिण्याचं कारण नव्हतं.

ते कारण काकांनी आणलं. काका म्हणजे आबांचे चुलतभाऊ, मुंबईची नोकरी संपवून वाडीत परत आलेले. दिवसभर मोबाइल उजव्या डोळ्याजवळ तिरका धरून बसायचे आणि वाडीला सल्ले द्यायचे. दोन वर्षांनी एके दिवशी देवळात म्हणाले, "तीच पोथी किती वर्षं ऐकायची? पब्लिक बोर होतं. नवी मागवू. मंडळाला मेसेज टाकतो, टेन्शन नाय." मंडळ म्हणजे मुंबईत राहणाऱ्या आमच्या वाडीकरांचं मंडळ. देवळाचा रंग, पाण्याची टाकी, लाउडस्पीकर, जे हवं ते त्यांच्याकडे मागायची सवय होती. सगळे हो म्हणाले. आबाही हो म्हणाले, कारण नाही म्हटलं तर कारण द्यावं लागलं असतं. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत, आणि मला काकांचा इतका राग आला की त्यांच्या सदऱ्याची बटणं मी आठवडाभर लावून दिली नाहीत.

आषाढ संपता संपता मुंबईहून सुटीवर आलेल्या एकाने पिशवीतून तीन पुस्तकं आणली. तिन्ही जाड, तिन्ही एकाच आकाराची, खाकी कागदात बांधलेली. "मंडळानं दिलीत," याच्यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. तीन जाड ग्रंथ बघून काकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मोठी पोथी दिसते. तीन खंड हायत." कुणालाच शंका आली नाही. आम्ही पोथी मागितली होती, तेव्हा पोथीच आली असणार. उघडून बघायची सोय नव्हती, कारण नव्या पोथीचं तोंड पहिल्या दिवसाआधी बघत नाहीत. तशीच कागदासकट हळदकुंकू वाहून ती लाल खारव्याच्या, म्हणजे जाड सुती कापडाच्या, बस्त्यात बांधतात. बस्ते शिवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. एका पुस्तकाचा कागद कोपऱ्यात जरा फाटला होता. माझी बोटं शिवशिवत होती. पण देव आणि सासर, दोन्हींच्या धाकाने मी नजर फिरवून टाके घातले.

मग मीच आबांना म्हटलं, "दुपारी मी वाचून दाखवते, तुम्ही पाठ करा, संध्याकाळी म्हणा. कोण बघतंय?"

"देवाशी लबाडी नाय करायची."

"मग दोन वर्षं काय चाललंय?"

"ती माणसांशी हाय," आबा म्हणाले.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी आधी प्रश्न आला की पहिला खंड कुठला. बाहेरून तिन्ही बस्ते सारखेच. मग आमच्याकडे अशा वेळी करतात तेच केलं, देवाला कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर तीन ओली फुलं लावली, एकेका बस्त्याच्या नावाने. मधलं फूल आधी पडलं. तो बस्ता ठवणीवर आला.

आबांनी गाठ सोडली, खारवा बाजूला केला, कागद फाडला आणि पुस्तक उघडलं. मान खाली घातली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथेच. बायकांच्या बाजूला बसलेली मी अर्धवट उठले. आणि आबांनी खाकरून मान वर केली.

"घसा बसलाय," ते म्हणाले. "सूनबाई वाचेल."

"बाईमाणूस पाटावर?" काका.

"पाटावर मीच हाय. ती बाजूला बसंल."

मी जाऊन बाजूला चटईवर बसले आणि पुस्तक पुढे ओढलं. कुठे देवाला नमन नाही, काही नाही. पहिल्याच ओळीत खाकी साडीतली एक बाई तिकिटाचं मशीन सावरत पहाटेच्या एसटीमागे धावत होती आणि ड्रायव्हरला शिव्या घालत होती. मान वर न करता मी पुटपुटले, "आबा, ही पोथी नाय. कादंबरी हाय."

"कौल मिळालाय का नाय?"

"मिळालाय."

"मग वाच."

मी वाचलं. पहिल्या प्रकरणात त्या कंडक्टर बाईचं एका प्रवाशाशी खिडकीच्या जागेवरून भांडण होतं. अर्ध्या देवळाने तिची बाजू घेतली, अर्ध्याने त्याची. वाचून झालं आणि आबांची पाळी आली. क्षणभर मला वाटलं, आता काय सांगतात. पण आबा शांतपणे म्हणाले, "खिडकी कुणाची? जो बसला त्याची. तो उतरला की दुसऱ्याची. उतरायचं सगळ्यांनाच हाय, तरी आपण भांडतो." दोन बांधकऱ्यांनी माना खाली घातल्या. मग आरती झाली आणि प्रसाद वाटला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मंडळाच्या सेक्रेटरीला स्पीकरवर फोन लावला. तिकडून आवाज आला, "अहो, तीन वेगळी पुस्तकं आहेत. एक देवाधर्माचं, एक गोष्टीचं, एक विज्ञानाचं. म्हटलं प्रत्येकाला काहीतरी होईल. चिठ्ठी टाकली होती की." चिठ्ठी नक्कीच होती, पण ती कागदाच्या आत होती आणि कागद माझ्या टाक्यांच्या आत. देवळाच्या पायरीवर सगळे विचारात पडले. गुरव म्हणाला, "लावलेली पोथी उतरवायची असंल तर पुन्ना कौल लावा. फुलं मी लावणार नाय." कुणीच पुढे झालं नाही. खरं कारण असं की त्या कंडक्टर बाईचं पुढे काय होतं, हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

तो श्रावण मी जन्मात विसरणार नाही. लावलेल्या पोथीत पुढचं आधी चोरून वाचायचं नाही, हाही आमचा नियम, आणि त्यात मीही अडकले होते. पुस्तक माझ्या हातात, आणि उद्या काय होणार याबद्दल मी इतरांइतकीच अंधारात. इतकी वर्षं फाटक्या बातम्या वाचलेल्या बाईला रोज एक अख्खं प्रकरण मिळत होतं. दिवसभर मशीन चालवताना माझं डोकं त्या एसटीत बसलेलं असायचं. एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या मी डाव्या शिवल्या. तो खिडकीवाला प्रवासी मधल्या प्रकरणात तिला प्रेमपत्र लिहितो. देवासमोर, सासऱ्यांशेजारी बसून मला ते मोठ्याने वाचावं लागलं. तिच्या मानेवरच्या तिळाचं वर्णन आल्यावर मी भरधाव सुटले, तर मागून सगळ्यात म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "सावकाश वाच गो, काय कळलं नाय." मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. आबा खाली बघत मिशीत हसत होते.

पुढे त्या बाईची बदली झाली तेव्हा एकीने देवाला नारळ बोलला, बदली रद्द होऊ दे म्हणून. बदली रद्द झाली नाही. ती बाई बिऱ्हाड उचलून दुसऱ्या डेपोला गेली आणि प्रवासी थांब्यावर उभाच राहिला. नारळवाली इतकी रागावली की दोन दिवस देवळात फिरकली नाही. शेवटच्या पानाला काकांनी उजवा डोळा पुसला आणि धूळ गेली म्हणाले. बाहेर भर पाऊस, आणि देवळात म्हणे धूळ होती.

गणपती आले, गेले. आबांचा घसा काही सुटला नाही आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. आता लोकांना माझ्या वाचनाची आणि त्यांच्या अर्थाची सवय झाली होती. नवऱ्याला मात्र घरातल्या घरात कळलं होतं, तो मोटरसायकल पुसता पुसता म्हणायचा, "सासरा-सून मिळून गावाला बरं फसवताय." आबा रोज मला विचारायचे, "कुणाला संशय आला नाय ना?" पाट अजून त्यांचाच होता, पण ते त्याच्यावर अंग चोरून बसायला लागले होते. ते बघून मला वाईट वाटायचं.

बांधलेला बस्ता न वाचता ठेवत नाहीत, म्हणून गणपतीनंतर पुढचं पुस्तक लावलं. उरलेल्या दोन बस्त्यांत कौल लागला तो विज्ञानाच्या पुस्तकाला. माणसाच्या शरीराचं पुस्तक. हळदकुंकू त्यालाही वाहिलं. पोटाचं प्रकरण वाचलं तेव्हा सगळी सभा आपापलं पोट चाचपत होती. रक्ताच्या प्रकरणावर आबांनी असा अर्थ सांगितला की भावकीतल्या दोन न बोलणाऱ्या घरांनी त्या दिवशी एकमेकांकडे बघून मान हलवली. आश्विनात एका संध्याकाळी मी पान उलटलं आणि थांबले. अर्धं पान भरून डोळ्याचं चित्र होतं.

"काय झालं?" आबांनी हळू विचारलं.

"डोळ्याचा अध्याय हाय."

आबांनी पाटावर बैठक सावरली. "वाच," ते म्हणाले.

मी वाचायला लागले. डोळ्याच्या आत एक लहानसं भिंग असतं, वयाबरोबर ते गढूळ होतं, मग उजेड आत नीट पोचत नाही. डॉक्टर बारीकशी चीर देऊन ते गढूळ भिंग काढतात आणि तिथे स्वच्छ भिंग बसवतात. डोळा आपल्या जागेवरून हलत नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा कुणी सांगितलं नव्हतं, आणि आवाजही गरजेपेक्षा मोठा होता.

"म्हंजे बशीत ठेवत नाय?" प्रश्न पुरुषांच्या बाजूने आला. काकांनी विचारला होता.

"बशीचं कुठंच लिहिलेलं नाय," मी म्हटलं.

आता अर्थ सांगायचा होता. आबा ठवणीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "आज अर्थ नाय. दोन वर्षं मला अक्षर दिसत नाय. जुनी पोथी पाठ होती, निभावलं. घसा माझा चांगला हाय. देवाला म्हाईत होतं, घरच्यांना म्हाईत होतं. आता तुम्हाला."

मी काकांकडे बघितलं. ते आता पाट मागणार याची मला खात्री होती आणि त्यांना काय सुनवायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. काका उठून उभे राहिले.

"माझा डावा पार गेलाय," ते म्हणाले. "उजवा निम्मा चालतो. जोडीनं जाऊ."

मोबाइल तिरका का धरायचे ते मला तेव्हा उमगलं, आणि न लावलेल्या बटणांची लाज वाटली.

ते पुस्तक संपून भात झोडून झाल्यावर नवऱ्याने दोघांना महाडला नेलं. डॉक्टरांना पहिला प्रश्न बशीचाच विचारला, असं त्याने येऊन सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर कितीतरी दिवस दोघे काळे चष्मे लावून आमच्या ओटीवर शेजारी शेजारी बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखायची पैज लावायचे. मग डोळे स्थिरावले, नंबराचे चष्मे आले, आणि आबा जे दिसेल ते वाचत सुटले. मिठाची पिशवी, कॅलेंडर, गॅसच्या नळीवरचा मजकूर, माझी ती फाटकी वर्तमानपत्रं. "ह्या भिंतीला रंग कधी दिलात?" त्यांनी विचारलं. रंगाला दोन वर्षं झाली होती.

मला आनंद झाला होता, अगदी मनापासून. आणि त्याच मनात एक खुपणारी गोष्टही होती. तिसरं पुस्तक मार्गशीर्षात लावायचं होतं. ते देवाधर्माचं, खरीखुरी पोथी, आणि वाचणारा आता डोळस झाला होता. माझं काम संपलं होतं. त्या तीन-चार महिन्यांत महाडची ती जेवायला न येणारी मुलगी मला परत भेटली होती आणि तिला पुन्हा मशीनमागे बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं. सासऱ्याला दिसायला लागलं म्हणून सुनेला रडू यावं, याची मला लाज वाटत होती. हे कुणापाशी बोलणार? मी गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले. आदल्या दिवशी आबा म्हणाले, "ठवणी धुऊन ठेव." मी ती इतकी घासली की तिचा जुना तेलकट रंग उतरला.

मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी चांगलीच थंडी होती. बस्ता एकच उरलेला, त्यामुळे कौलाची गरज नव्हती. मी बायकांत अगदी मागे, खांबाशी बसले. आबांनी गाठ सोडली, कागद काढला, सेक्रेटरीची चिठ्ठी त्यातून खाली पडली ती उचलून खिशात घातली. मग नवा चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. त्यांचे ओठ हलताना मला लांबून दिसत होते. ओळीमागून ओळ डोळे सरकत होते. पहिलं पान त्यांनी सबंध, मनातल्या मनात वाचलं. घाई नव्हती त्यांना. वाचून झाल्यावर चष्मा काढला, पुसला, घडी करून डबीत ठेवला.

"घसा बसलाय," ते म्हणाले. "सूनबाई वाचेल."

"आता कसला घसा?" काका आपल्या नव्या चष्म्यातून बघत म्हणाले.

"थंडी हाय."

सकाळी त्याच घशाने त्यांनी खालच्या शेतात गेलेल्या म्हशीला हाक मारली होती आणि ती सबंध वाडीने ऐकली होती. तरी बायकांनी पाय आवरून मला वाट दिली. मी पुढे जाऊन नेहमीसारखी चटईवर बसायला लागले, तर चटईवर आबा सरकून बसले होते. पाट रिकामा होता. मी त्यावर बसले. पहिली ओळ मला नीट दिसेना, म्हणून पदराने डोळे पुसले आणि वाचायला सुरुवात केली.